अनुदान बंद झालं, तरी कर्मवीरांची शाळा चालूच राहिली

शेतकरी बंधूंनो, खरिपाची पेरणी आणि पोरांची कॉलेजची फी एकाच महिन्यात दारात येऊन उभी राहते. आधी खत-बियाणं घ्यायचं की फी भरायची, हा हिशेब घरोघरी चालतो. फी वाढली की जिल्ह्याच्या गावी विद्यार्थ्यांचे मोर्चे निघतात आणि त्यात आपलीच पोरं असतात. शिवारात गेलं की बांधावरही हाच विषय निघतो. म्हणून आज खतं-कीड बाजूला ठेवून कर्मवीर भाऊराव पाटलांची हकिकत सांगतो.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजचा. घराणं जैन, शेतकऱ्याचं. मूळ गाव वाळवे तालुक्यातलं ऐतवडे बुद्रुक. वडील महसूल खात्यात कारकून. शिकायला कोल्हापूरला राजाराम हायस्कुलात घातलं, पण मॅट्रिकपर्यंतही गाडी गेली नाही. मात्र तिथं राजर्षी शाहू महाराजांचं काम जवळून बघायला मिळालं. सगळ्या जातींच्या पोरांसाठी वसतिगृहं काढली की खेड्यातलं पोर शिकतं, हे तिथंच त्यांच्या मनात रुजलं.

पुढे ते किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे विक्रेते झाले. लोखंडाचा नांगर घातला की जमीन नासते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती. ती काढायला गावोगाव हिंडावं लागे. आम्हा शेतीखात्याच्या माणसांना हे काम चांगलं ठाऊक आहे. नांगर विकता विकता भाऊरावांनी खेडं बघितलं आणि खरी नड शिक्षणाची आहे हे ओळखलं.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली ती साताऱ्याला आणली आणि तिथं छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू केलं. मराठा, महार, मुसलमान, जैन, सगळी पोरं एका पंगतीला जेवू लागली. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्या-ओवळ्याच्या घरातून आलेल्या, पण या पोरांची आई झाल्या. बोर्डिंगात दाणा नाही म्हटल्यावर त्यांनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९३० साली त्या गेल्या.

पैसा नाही म्हणून भाऊराव अडले नाहीत. कमवा आणि शिका, ही वाट त्यांनी काढली. पोरं माळरान फोडायची, विहीर खणायची, शेती करायची, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करायची आणि शिकायची. १९४० साली याच पायावर साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं. १९४७ च्या जूनमध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं. कॉलेजसाठी पुण्या-कोल्हापूरला जाणं ज्यांना परवडत नव्हतं, त्यांच्या दारात कॉलेज आलं.

मग आलं १९४८ साल. गांधीजींच्या हत्येनंतर भाऊरावांनी त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुलं काढायचा संकल्प केला होता. पण त्यांनी केलेली टीका मुंबई सरकारला झोंबली आणि संस्थेचं अनुदानच बंद करण्यात आलं. विचार करा, गावोगाव शाळा, शेकडो शिक्षक, आणि एकदम पैसा थांबला. भाऊरावांनी शाळांना कुलूप लावलं नाही. झोळी घेऊन ते रयतेपुढे गेले. बायाबापड्या रोज दळणातलं मूठभर धान्य बाजूला काढून संस्थेला देत आल्या होत्या. तीच माणसं पाठीशी उभी राहिली. जनमत पेटलं. गाडगेबाबांनीही मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडे शब्द टाकला. अखेर सरकारनं अनुदान पुन्हा सुरू केलं.

यातली एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. भाऊराव स्वावलंबन शिकवत होते, पण म्हणून सरकारनं शिक्षणातून हात काढून घ्यावा, असं त्यांनी कधी मानलं नाही. हक्काचं अनुदान त्यांनी घेतलं आणि बंद झालं तेव्हा परत मिळवलं. पोरानं कष्ट करायचे, गावानं मूठ द्यायची, सरकारनं आपला वाटा उचलायचा, असा तो हिशेब होता. तिफणीचं एक नळं तुंबलं तर एक तास मोकळा राहतो आणि ते उगवल्यावरच कळतं. शिक्षणाचंही तसंच. सरकारचा वाटा आटला की बोजा फीच्या रूपानं बापाच्या डोक्यावर येतो आणि आधी पोरीची शाळा सुटते.

भाऊराव ९ मे १९५९ रोजी गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळालं होतं आणि पुणे विद्यापीठानं डी. लिट. दिली होती. मॅट्रिकही न झालेल्या माणसाची ही कमाई.

आता दोन शब्द गावच्या कारभाऱ्यांना. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी भाऊसाहेब, फी सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला लागतो आणि तो तुमच्या अहवालावाचून मिळत नाही. अर्जाची मुदत गेली की पोराचं वर्ष जातं. शाहू महाराजांच्या नावानं शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. ती गावातल्या किती पोरांना मिळाली, हे पुढच्या ग्रामसभेत विचारा. आणि बंधूंनो, फीसाठी पोरं मोर्चाला निघाली तर त्यांना वेड्यात काढू नका. काय मागतात, ते आधी ऐकून घ्या.