शांतिब्रह्म श्री संत एकनाथ महाराज व पैठणची नाथषष्ठी यात्रा

फाल्गुन मास निम्मा सरला की मराठवाड्यात उन्हाचा ताप जाणवू लागतो. विहिरी तळ गाठू लागतात आणि गोदावरीच्या पात्रातील वाळवंट उघडे पडते. नेमक्या याच दिवसांत, सुगी आटोपून, गावोगावच्या दिंड्या श्रीक्षेत्र पैठणकडे निघतात. फाल्गुन वद्य षष्ठीस भरणाऱ्या या यात्रेस लाखो भाविक येतात. ज्या महापुरुषाच्या स्मरणार्थ ही यात्रा भरते, त्यांचे संक्षिप्त चरित्र भाविकांच्या माहितीसाठी येथे देत आहोत.

श्री एकनाथ महाराजांचा जन्म पैठण येथे इ. स. १५३३ च्या सुमारास झाला, असे परंपरा मानते. विजयनगरहून श्रीविठ्ठलाची मूर्ती पंढरपुरास परत आणणारे संत भानुदास हे त्यांचे पणजोबा होत. पिता सूर्यनारायण व माता रुक्मिणी यांचे छत्र बालपणीच हरपल्यामुळे आजोबा चक्रपाणी यांनी त्यांचा सांभाळ केला. वयाच्या बाराव्या वर्षी गुरूच्या शोधार्थ घर सोडून ते देवगिरी किल्ल्यावर गेले. तेथील किल्लेदार श्री जनार्दनस्वामी हे निजामशाहीच्या सेवेत असूनही दत्तात्रेयांचे थोर उपासक होते. गुरूने नाथांकडे किल्ल्याच्या जमाखर्चाचे काम सोपविले. एकदा हिशेबात एका पैचा मेळ बसेना, तेव्हा नाथ रात्रभर दिव्याजवळ बसून राहिले व चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवू लागले, अशी कथा आहे. हीच एकाग्रता ईश्वरचरणी लावावी, हा बोध त्यांना त्या प्रसंगी मिळाला. पुढे खुलताबादजवळील शूलीभंजन येथे तपाचरण व त्यानंतर तीर्थयात्रा करून ते पैठणास परतले आणि गुरुआज्ञेने गृहस्थाश्रमी झाले.

पत्नी गिरिजाबाई यांच्या साथीने नाथांनी आपला वाडा अन्नदान व कीर्तनासाठी सर्वांना खुला ठेवला. त्या काळी पाण्यालाही जातीची बंधने होती आणि नदीच्या वाळवंटात कोणी कोठे पाऊल ठेवावे हेही ठरलेले होते. एके दिवशी दुपारी गोदावरीच्या तापलेल्या वाळूत आईपासून चुकलेले एक अस्पृश्य मूल रडत होते. नाथांनी त्यास उचलून कडेवर घेतले, त्याचे डोळे पुसले आणि त्याच्या वस्तीत नेऊन पोहोचविले. श्राद्धासाठी सिद्ध झालेले अन्न भुकेल्यांना वाढल्यामुळे त्यांच्यावर बहिष्काराचा प्रसंग आला. पुत्र हरिपंडित यांनाही वडिलांचे हे वर्तन व मराठीतील प्रवचने रुचेनात, म्हणून ते रागावून काशीस गेले. नाथांनी स्वतः जाऊन त्यांची समजूत घातली व त्यांस परत आणले. एवढे सोसूनही त्यांच्या मुखातून कधी कठोर शब्द निघाला नाही. शांतिब्रह्म ही पदवी त्यांना लाभली ती यामुळेच.

काशीहून रामेश्वरास अभिषेकासाठी कावडीने गंगाजल नेत असता वाटेत वाळूत तहानेने तडफडणारे गाढव नाथांना दिसले. महिनोन्महिने खांद्यावर वाहिलेले ते पवित्र जल त्यांनी त्या मुक्या प्राण्याच्या मुखी घातले. सोबतचे यात्रेकरू हळहळले. नाथांना मात्र रामेश्वर तेथेच भेटला.

नाथांचे वाङ्मयीन कार्यही तितकेच मोठे आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधावरील त्यांची टीका शके १४९५, म्हणजे इ. स. १५७३ मध्ये वाराणसी येथे पूर्ण झाली. तिच्यात १८ हजारांहून अधिक ओव्या आहेत. शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्ध प्रत सिद्ध केली. रुक्मिणीस्वयंवर, भावार्थरामायण आणि जोशी, वासुदेव, गोंधळी अशा लोकभूमिकांतून रचलेली भारुडे यांमुळे अध्यात्म सामान्यांच्या अंगणी आले. इ. स. १५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीस त्यांनी गोदावरीत जलसमाधी घेतली.

जनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना झालेला दत्तात्रेयांचा अनुग्रह, गुरुशिष्यांची पहिली भेट, स्वामींचे निर्याण व नाथांचे निर्याण, या पाचही घटना एकाच तिथीच्या मानल्या जात असल्याने हिला पंचपर्व षष्ठी म्हणतात. यात्रा षष्ठी, सप्तमी व अष्टमी असे तीन दिवस चालते आणि काल्याने तिची सांगता होते. तत्पूर्वी तुकाराम बीजेस नाथवाड्यातील रांजणाचे पूजन होते. भगवान श्रीकृष्ण श्रीखंड्या या नावाने बारा वर्षे नाथांच्या घरी पाणी भरीत होते, अशी श्रद्धा आहे. त्या स्मरणार्थ भाविक गोदावरीचे पाणी आणून या रांजणात ओततात. रांजण भरून वाहू लागला की देव येऊन गेले, असे मानतात. नाथांनी तान्हेल्यास पाणी दिले आणि देवाने नाथांच्या घरी पाणी भरले. ऐन उन्हात भरणाऱ्या या यात्रेचे मर्म त्या एका घागरीत आहे.

उस्मानपुऱ्याहून पैठण सुमारे ५० किलोमीटर दक्षिणेस आहे. गावातील नाथवाडा व नदीकाठचे समाधिमंदिर अशी दोन्ही स्थाने भाविकांनी पाहावीत. उस्मानपुऱ्यातील रंगमंदिरास नाथांचेच नाव आहे. पैठणजवळील जायकवाडी धरणाच्या जलाशयास नाथसागर म्हणतात व छत्रपती संभाजीनगर शहरास पिण्याचे पाणी तेथूनच येते. यात्रेकाळी ज्यांना दानधर्म करावयाचा असेल, त्यांनी वाटेवरील दिंड्यांना पाणी पाजावे. नाथांच्या चरित्राचा विचार करता, याहून श्रेष्ठ सेवा सुचविणे कठीण आहे.