रेडिओवरचा आवाज : एडवर्ड मरो



पेन्टेकॉस्टच्या आधीच्या रविवारी ख्रिस्तसभा जागतिक प्रसारमाध्यम दिन पाळते. दरवर्षी या दिवशी आम्ही वेदीवरून मुलांच्या मोबाइलविषयी बोलतो आणि मुले तेवढा वेळ मोबाइल खिशात ठेवतात. यंदा त्याऐवजी एका माणसाची ओळख करून द्यावी म्हणतो.

एडवर्ड मरो यांचा जन्म २५ एप्रिल १९०८ रोजी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात, क्वेकर पंथाच्या शेतकरी कुटुंबात झाला. १९३५ साली ते सी.बी.एस. या रेडिओ कंपनीत लागले आणि १९३७ साली लंडनला आले. बातमीदारीचा अनुभव नव्हता. काम होते रेडिओसाठी वक्ते मिळवण्याचे. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केले तेव्हा ते विमान ठरवून व्हिएन्नाला पोहोचले आणि स्वतःच मायक्रोफोनसमोर बसले. तेथून त्यांचे खरे आयुष्य सुरू झाले.

२४ ऑगस्ट १९४० च्या रात्री ते लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात, सेंट मार्टिन चर्चच्या पायऱ्यांवर उभे होते. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजत होता. त्यांनी मायक्रोफोन खाली जमिनीजवळ धरला. भोंगा वाजत असतानाही न धावता, शांतपणे आसऱ्याकडे चाललेल्या माणसांच्या पावलांचा आवाज समुद्रापलीकडे अमेरिकेतल्या घराघरांत ऐकू गेला. आम्हाला ही गोष्ट फार आवडते. बोलण्याचाच पेशा असलेल्या माणसाला कुठे गप्प राहायचे ते कळत होते. (रविवारी प्रवचन लांबले की आम्हाला मरो आठवायला हवेत, असे कोणी म्हणण्याआधी आम्हीच म्हणून टाकतो.)

पुढे ते बॉम्बफेकी विमानांतून वीसाहून अधिक वेळा गेले. एप्रिल १९४५ मध्ये बुखेनवाल्डच्या छळछावणीत शिरले. तेथे जे पाहिले त्यावर बोलायला त्यांना तीन दिवस लागले.

युद्धानंतर परीक्षा आली ती मायदेशी. विस्कॉन्सिनचे सिनेटर जोसेफ मॅकार्थी १९५० पासून सरकारी कचेऱ्यांत, सैन्यात, जिकडेतिकडे कम्युनिस्ट शोधत होते. पुरावा दुय्यम, संशय पुरेसा. अमक्याच्या ओळखीचा म्हणून तमका दोषी! सेमिनरीत तर्कशास्त्र शिकताना ही चूक पहिल्याच वर्षी दाखवून दिली जाते; पण भ्यालेल्या समाजाला तर्कशास्त्र सुचत नाही. मायलो रॅड्युलोविच नावाच्या तरुण हवाई दल अधिकाऱ्याला वडील आणि बहीण यांच्या विचारांचा संशय आहे म्हणून काढण्याचे ठरले. आरोपांचा पुरावा मोहोरबंद पाकिटात होता आणि ते पाकीट त्याला उघडून दाखवले गेले नाही. मरो तोपर्यंत टेलिव्हिजनवरही आले होते. २० ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांनी ही हकिकत देशाला सांगितली. पुढच्याच महिन्यात हवाई दलाने त्या तरुणाला ठेवून घेतले.

मग ९ मार्च १९५४ रोजी मरो थेट मॅकार्थींकडे वळले. कंपनी कार्यक्रमाची जाहिरात करायला तयार नव्हती. मरो आणि त्यांचे सहकारी फ्रेड फ्रेंडली यांनी वर्तमानपत्रातील जाहिरातीचे पैसे पदरचे भरले. कार्यक्रमात बहुतांशी मॅकार्थींच्याच भाषणांची चित्रफीत होती आणि जेथे विधान खोटे तेथे मरो यांची दुरुस्ती. त्याच वर्षी २ डिसेंबरला सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी मॅकार्थींचा निषेध केला.

यातली एक बाब आपल्या घरची आहे, म्हणून ती झाकणार नाही. मॅकार्थी कॅथलिक होते. अमेरिकेतल्या पुष्कळ कॅथलिकांना ते धर्माचे रक्षक वाटत. न्यूयॉर्कचे कार्डिनल स्पेलमन यांचा त्यांना पाठिंबा होता. शिकागोचे सहायक बिशप बर्नार्ड शील यांनी मात्र ९ एप्रिल १९५४ रोजी कामगारांच्या सभेत मॅकार्थींच्या मार्गाचा उघड धिक्कार केला. आपल्या माणसाविरुद्ध बोलले म्हणून त्यांना आपल्याच माणसांचे बोल ऐकावे लागले. मरो तर बाहेरचे होते. शील यांना ते किती जड गेले असेल, हा विचार आमचा पिच्छा सोडत नाही.

मरो यांनाही आपल्यांचीच वेळ आली. नोव्हेंबर १९६० मध्ये त्यांनी शेतावर राबणाऱ्या स्थलांतरित मजुरांच्या हलाखीवर एक जळजळीत कार्यक्रम केला. दोन-तीन महिन्यांत राष्ट्राध्यक्ष केनेडींनी त्यांना सरकारच्या परदेशी प्रसिद्धी खात्याचे प्रमुख केले. तोच कार्यक्रम बी.बी.सी. दाखवणार असे कळताच मरो यांनी तो दाखवू नये म्हणून लंडनला शब्द टाकला. बी.बी.सी.ने तो दाखवलाच. बातमी फुटली आणि मरो यांनी चूक आपली असल्याचे मान्य केले. आम्ही हे त्यांना कमीपणा यावा म्हणून सांगत नाही. खुर्ची बदलली की चांगल्या माणसालाही सत्य गैरसोयीचे वाटू लागते.

आणि सिगारेट. ती त्यांच्या बोटांत कॅमेऱ्यासमोरही असे. १९५५ साली सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांवर त्यांनी स्वतः दोन भागांचा कार्यक्रम सादर केला. देशाला सांगितले, स्वतः ऐकले नाही. १९६३ साली त्यांचे एक फुप्फुस काढावे लागले. सत्तावन्नावा वाढदिवस झाला आणि दोन दिवसांनी, २७ एप्रिल १९६५ रोजी, ते गेले.