उंदरांचा हिशेब मांडणारा माणूस

किंमत वाढली की मागणी घटते, हा नियम आम्हा कॉमर्सच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी शिकवतात. निपाणीकडच्या आमच्या घरात मात्र माझे काका हा नियम रोज मोडत. दारूचा भाव चढला, जवळचे दुकान बंद झाले, तरी ते भर उन्हात शेजारच्या गावी चालत जात. त्यांना मनोनिग्रह नाही, असे घरात सर्वांचे मत होते, माझेही होते. शेवटची दोन वर्षे मी त्यांच्याशी बोललो नाही. पुढे बी. एफ. स्किनर यांचे चरित्र वाचनात आले आणि माझे मत डळमळले.

स्किनर यांचा जन्म २० मार्च १९०४ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात सस्क्वेहाना गावी झाला. वडील वकील होते. १९२६ साली पदवी घेऊन ते लेखक व्हायला घरी बसले, पण हाती काही लागले नाही. मग पाव्हलॉव्ह आणि वॉटसन यांच्या वाचनातून ते मानसशास्त्राकडे वळले आणि १९३१ साली हार्वर्ड विद्यापीठाचे डॉक्टर झाले.

तेथेच त्यांनी आपली प्रसिद्ध पेटी तयार केली. उंदराने दांडी दाबली की खाण्याची गोळी पडे. या गोळ्या स्किनर स्वतः हाताने करीत. एका शनिवारी त्यांनी शिल्लक माल मोजला, तेव्हा तो सोमवारी सकाळीच संपणार असे दिसले. म्हणून त्यांनी मिनिटाला एकच गोळी देण्याचे ठरविले. उंदीर तरीही नेटाने दांडी दाबत राहिले! मालाच्या टंचाईतून एवढा मोठा शोध लागावा, याचे मला कॉमर्सचा विद्यार्थी म्हणून फार कौतुक वाटते.

पुढे इतरांनी ही पद्धत वाढविली. १९६१ साली विल्यम होडॉस यांनी प्रत्येक बक्षिसाची किंमत चढवत नेली. गोड दुधासाठी दर वेळी आधीपेक्षा जास्त वेळा दांडी दाबावी लागे. उंदीर ज्या आकड्यावर हार मानी, त्यावरून त्याची ओढ मोजता येई. १९६२ साली जेम्स वीक्स यांनी उंदराच्या शिरेत नळी बसवून, दांडी दाबताच मॉर्फीन मिळेल अशी सोय केली. पुढे या दोन युक्त्या एकत्र आल्या, आणि कोकेनच्या एका मात्रेसाठी उंदीर शेकडो वेळा दांडी दाबतात असे आढळले. त्या उंदराला कोणी निर्लज्ज म्हणत नाही. तो आकडा मादक द्रव्याची पकड सांगतो, उंदराची लायकी सांगत नाही.

माणसाला दोष देत बसण्यापेक्षा त्याची परिस्थिती बदला, असे स्किनर यांचे मत होते. १९७१ साली त्यांनी ते पुस्तकातून मांडले, तेव्हा माणसाला यंत्र ठरविले म्हणून त्यांच्यावर कडक टीका झाली. ती टीका मला सर्वस्वी खोटी वाटत नाही. काका काही पेटीतले उंदीर नव्हते. शुद्धीवर असताना ते मला गणिते समजावून देत.

स्किनर यांनी अखेरपर्यंत काम सोडले नाही. रक्ताच्या कर्करोगाने १८ ऑगस्ट १९९० रोजी ते वारले. त्याच्या आठच दिवस आधी त्यांनी मानसशास्त्रज्ञांच्या सभेत भाषण केले होते.

काका आता नाहीत. उन्हातली त्यांची ती वाट मी त्यांच्या स्वभावाच्या खात्यावर मांडली होती. ती नोंद चुकीच्या खात्यावर पडली, हे मला उशिरा समजले. ज्यांच्या घरी असे कोणी अजून आहे, त्यांनी आपली वही वेळेवर तपासावी, एवढीच विनंती.