लोकांचे मुखत्यार : सार्वजनिक काका

पनवेलहून पेणच्या वाटेस लागले की कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण हे गाव लागते. वासुदेव बळवंत फडके यांची ही जन्मभूमी, हे आपल्या तालुक्यातील लहान मुलासही ठाऊक असते. परंतु १८७९ साली पुण्यास त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला उभा राहिला आणि सरकारच्या रोषास भिऊन वकीलमंडळी मागे सरली, तेव्हा त्यांचे वकीलपत्र घेण्यास पुढे कोण आले, हे फार थोड्यांस ठाऊक असेल. ते गृहस्थ म्हणजे गणेश वासुदेव जोशी. लोक त्यांस प्रेमाने सार्वजनिक काका म्हणत. त्यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत, ते केवळ या धैर्यासाठी नव्हे. लोकमत म्हणजे काय आणि ते राज्यकर्त्यांच्या कानी कसे घालावे, हे महाराष्ट्रास ज्यांनी शिकविले, त्यांत काकांचे स्थान अग्रभागी आहे.

काकांचा जन्म १८२८ साली साताऱ्यास झाला. पुढे ते पुण्यास आले व वकिली करू लागले. त्या वेळी पुण्यातील पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी लोकांत असंतोष होता. त्याची दाद लावण्याच्या खटपटीतून, सर्वच सार्वजनिक गाऱ्हाणी मांडण्यासाठी एक कायमची संस्था असावी, असा विचार पुढे आला आणि २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. औंधचे श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी तिचे अध्यक्ष झाले; प्रत्यक्ष कामाचा भार मात्र काकांनी शिरावर घेतला. लवकरच न्यायमूर्ती रानडे यांच्या विद्वत्तेचे साहाय्य सभेस लाभले.

या सभेचा एक नियम विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. निदान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणल्यावाचून कोणासही सभासद होता येत नसे. प्रारंभीच्या ९५ सभासदांच्या पाठीशी अशी सुमारे ६,००० माणसांची संमती होती. चार शहाण्यांनी एकत्र बसून अर्ज लिहिला, तर तो चौघांचाच अर्ज होय. सरकार त्यास सहज बाजूस सारू शकते. मुखत्यारपत्रामुळे सभेचा शब्द लोकांचा शब्द झाला. मतदानाचा हक्क देशात बहुतेकांस ठाऊकही नव्हता, त्या काळी काकांनी प्रतिनिधित्वाचे बीज असे पेरले.

काकांची राहणीही त्यांच्या मतांस साजेशी होती. १८७२ साली त्यांनी स्वदेशी वस्त्र वापरण्याचे व्रत घेतले. १८७७ च्या दिल्ली दरबारात राजेरजवाडे रत्नालंकार लेवून बसले असता काका खादीच्या साध्या वेषात गेले आणि हिंदी प्रजेस ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीचे हक्क मिळावेत, अशी मागणी त्यांनी सभेच्या वतीने सादर केली. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी पुण्यात स्त्रियांची सभा चालविली, हेही येथे सांगितले पाहिजे.

सभेची खरी कसोटी १८७६-७७ च्या भयंकर दुष्काळात लागली. सभेने आपली माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत धाडली. पिके किती बुडाली, गुरांचे काय झाले, दुष्काळी कामांवर मजुरांस काय मिळते, याची माहिती गोळा करून ती वेळोवेळी सरकारास लिहून कळविली. सरकारने मजुरी कमी केली तेव्हा सभेने तिचा निषेध केला. पुढे दुष्काळ आयोग बसला व त्याच्या १८८० च्या अहवालानंतर दुष्काळनिवारणाचे नियम तयार झाले. याचे सारे श्रेय सभेस देणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि केवळ आक्रोश न करता आकडे व पुरावे पुढे ठेवले, म्हणजे सत्ताधीशांस त्यांकडे डोळेझाक करणे जड जाते, हे सभेने दाखवून दिले.

सभेच्या कितीतरी अर्जांचा काही उपयोग झाला नाही. १८७५ च्या सुमारास हिंदी प्रतिनिधींस ब्रिटिश पार्लमेंटात जागा मिळाव्यात, असा हजारो सह्यांचा अर्ज सभेने धाडला; तो निष्फळ ठरला. जे सरकार लोकांनी निवडलेले नाही, त्यास लोकांचे ऐकण्याचे बंधन नसते. त्याच दुष्काळातील हाल पाहून फडक्यांनी शस्त्र उचलले. काकांचा मार्ग अर्जाचा व सनदशीर. तरीही शस्त्र धरणाऱ्याची बाजू न्यायासनापुढे मांडली गेलीच पाहिजे, असे मानून ते उभे राहिले. फडक्यांस जन्मठेप झाली व १८८३ साली एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. काका त्यापूर्वीच, २५ जुलै १८८० रोजी, निवर्तले होते. काँग्रेसचे १८८५ चे पहिले अधिवेशन सभेच्या व्यवस्थेखाली पुण्यासच भरावयाचे होते. पटकीच्या साथीमुळे ते मुंबईस भरले.

आज वयाची १८ वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकास मताचा अधिकार आहे. पनवेलची १८५२ साली स्थापन झालेली नगरपालिका २०१६ पासून महानगरपालिका झाली आहे. पाणी, रस्ते, शाळा यांविषयी दाद मागावयाची तर आपले प्रतिनिधी दूर विलायतेत बसलेले नाहीत. परंतु मत दिले म्हणजे कर्तव्य संपले, असे नव्हे. शेजाऱ्यांची संमती मिळवावी, खरी माहिती जमवावी आणि निर्भयपणे पण विनयाने ती मांडावी, हा काकांचा परिपाठ होता. आमच्या विद्यार्थ्यांनी तो आताच अंगी बाणवावा आणि पालकांनी त्यांस या कामी उत्तेजन द्यावे, एवढीच आमची विनंती आहे.