फी भरा आणि गाणं शिका

माझं गाव माकणी, तालुका लोहारा. निम्न तेरणा धरणाचं गाव म्हटलं की लोकांना पटकन कळतं. गावातल्या भजनात आजोबा पेटी वाजवायचे. शिकवा म्हणून मागं लागलो की नुसतं ऐकत बस म्हणायचे. तीन वर्षं ऐकलं, मग एक दिवस त्यांनीच पेटी माझ्यापुढे सरकवली. यंदा गॅदरिंगसाठी होस्टेलवर फर्स्ट इयरच्या तिघांना पेटी शिकवायची पाळी माझ्यावर आली, तर मीही तेच केलं. ऐका म्हणालो. दोघं बसले. तिसऱ्यावर मी सगळ्यांसमोर ओरडलो आणि त्यानं खोलीवर येणंच सोडलं.

त्याच आठवड्यात लायब्ररीत विष्णु दिगंबर पलुस्करांचं चरित्र हाती लागलं.

पलुस्कर 1872 साली कुरुंदवाडला जन्मले. वडील कीर्तनकार. लहानपणी फटाका तोंडाजवळ फुटला आणि डोळे कायमचे अधू झाले. शाळेचं शिक्षण थांबलं, म्हणून मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला ठेवलं. तो काळ कसा, तर गुरूची सेवा करायची, मर्जी झाली तर चीज मिळायची. विद्या घराबाहेर जाऊ द्यायची नाही असाच बहुतेकांचा कल. शिवाय गवयाला दरबारात बिदागी मिळे, समाजात मान नसे. हे त्यांच्या मनाला फार लागलं. 1896 मध्ये त्यांनी मिरज सोडली आणि गावोगाव फिरत थेट पंजाब गाठला.

5 मे 1901 ला लाहोरात त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. राजाच्या आश्रयावर नाही, लोकांच्या वर्गणीवर आणि विद्यार्थ्यांच्या फीवर. वर्ग, टाइमटेबल, क्रमिक पुस्तकं, स्वरलिपी, परीक्षा! आपल्याला यात काय विशेष वाटणार, आपण सबमिशन आणि ओरल यांतच बुडालेले. पण तेव्हा गाणं असं पायरी पायरीनं, कुणालाही शिकवता येतं हेच लोकांना पटत नव्हतं. चांगल्या घरच्या मुलींनी गाणं शिकायचं ही तर बोलायचीही सोय नव्हती. त्यांनी मुलींनाही शिकवलं. चिजांतले शृंगारिक शब्द काढून भक्तिपर शब्द घातले. हे मला पूर्ण पटत नाही, पण घरोघर गाणं न्यायचं तर त्यांना दुसरा रस्ता दिसला नसावा. प्रत्येक जण तानसेन होणार नाही, निदान चांगलं ऐकणारा तरी व्हावा, असं त्यांचं म्हणणं.

मला जास्त आवडला तो त्यांचा दुसरा वर्ग. काही मुलांना त्यांनी विद्यालयातच राहायला-जेवायला ठेवलं आणि शिक्षक म्हणून तयार केलं. म्हणजे होस्टेलच की! शिस्त मात्र आपल्या रेक्टरांना लाजवील अशी. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर हे सगळे त्यांचेच शिष्य. देवधरांनी पुढे पाश्चात्त्य संगीतही शिकून घेतलं आणि कुमार गंधर्वांना घडवलं. आता गंमत बघा. वर्ग आणि पुस्तकं काढणाऱ्या या माणसाचे मोठे गवई शिष्य तयार झाले ते रात्रंदिवस त्याच्याजवळ राहून. म्हणजे आजोबा अगदीच चुकीचे नव्हते.

1908 साली त्यांनी मुंबईत विद्यालय काढलं. पुढे मोठी इमारत बांधली, कर्ज झालं आणि 1924 मध्ये इमारतीचा लिलाव झाला. आयुष्यभराचं काम डोळ्यांसमोर गेलं. नंतर ते नाशिकला रामनामात रमले आणि 21 ऑगस्ट 1931 ला मिरजेत वारले. त्यांची स्वरलिपीही किचकट म्हणून मागं पडली, भातखंड्यांची सोपी होती, तीच जास्त चालली. पण शिष्यांनी त्याच वर्षी गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. आज तालुक्याच्या गावातली पोरंसुद्धा प्रारंभिक, प्रवेशिका अशा परीक्षा देतात, त्या याच मंडळाच्या. नुसत्या सर्टिफिकेटसाठी देणारेही आहेत म्हणा.

पुस्तक परत केलं त्या संध्याकाळी मी त्या तिसऱ्याच्या खोलीवर गेलो. सॉरी म्हणालो. पेटीच्या पट्ट्यांवर कागदाचे तुकडे चिकटवून सा, रे, ग लिहून दिलं. आजोबांनी बघितलं असतं तर पेटी काढून घेतली असती. आता तो रोज मेस झाली की येतो. कोमल निषाद अजून चुकतो, मी काही बोलत नाही, परत वाजवून दाखवतो.