रहीमसाहेब

मुलांनो, आपले शहागंज पूर्वी हैदराबाद संस्थानात होते. त्याच संस्थानाच्या राजधानीत सय्यद अब्दुल रहीम नावाचे एक शिक्षक होते. त्यांचा जन्म १९०९ सालचा. शिक्षकाचे काम करणारे रहीमसाहेब पुढे फुटबॉलचे प्रशिक्षक झाले. त्यांच्या हैदराबाद पोलीस संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० पासून सलग ५ वर्षे जिंकला.

प्रशिक्षकाची खरी परीक्षा सामन्याच्या दिवशी होते. १९६२ साली जकार्ता येथे आशियाई स्पर्धा भरल्या. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला हरवले. पुढे बचाव करणारे जर्नेलसिंग जखमी झाले. त्यांच्या डोक्याला टाके पडले. तरी रहीमसाहेबांनी त्यांना बसवून ठेवले नाही. त्यांची जागा बदलून त्यांना आघाडीवर खेळवले. अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरियाच समोर आला. गोलरक्षक थंगराज आजारातून नुकतेच उठले होते. रहीमसाहेबांनी त्यांच्यावरही विश्वास टाकला. भारत २-१ असा जिंकला. त्यातील एक गोल जर्नेलसिंगांचा होता!

पुढच्याच वर्षी कर्करोगाने रहीमसाहेबांचे निधन झाले. त्यानंतर आशियाई स्पर्धांत फुटबॉलचे सुवर्णपदक भारताला मिळालेले नाही.

कोणता खेळाडू कोणत्या दिवशी काय करू शकेल, हे रहीमसाहेब ओळखत. मुलांनो, खरा उस्ताद असाच असतो.