उस्तादांचा मदरसा

डॉ. झाकिर हुसेन म्हटले की राष्ट्रपती भवन डोळ्यांपुढे येते. तिथे ते राहिले दोन वर्षांना दहा दिवस कमी. जामिया मिल्लियाचे कुलगुरू म्हणून मात्र त्यांनी २२ वर्षे काढली, तीही सतत पैशांच्या ओढाताणीत.

जन्म १८९७ चा, हैदराबादचा. घराणे उत्तर प्रदेशातील कायमगंजच्या पठाणांचे. लहानपणीच वडील गेले, पाठोपाठ प्लेगने आई. १९२० मध्ये असहकाराची हाक आली, तेव्हा अलीगढचे सरकारी अनुदानावर चालणारे कॉलेज सोडणाऱ्या तरुणांत ते पुढे होते. त्याच बंडातून जामिया उभी राहिली. पुढे ते बर्लिनला गेले, अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि तिथल्या छापखान्यातून गालिबच्या दिवाणाची देखणी आवृत्तीही काढली!

१९२६ मध्ये आबिद हुसेन आणि मोहम्मद मुजीब या मित्रांसह ते परतले, तेव्हा जामिया दिल्लीत करोल बागेत होती. खिलाफत चळवळ ओसरली होती, पैसा आटला होता. पुढच्याच वर्षी संस्थेचा मोठा आधार असलेले हकीम अजमल खान वारले. तेव्हा शिक्षकांनीच शपथ घेतली : २० वर्षे इथेच शिकवायचे, महिना दीडशे रुपयांहून जास्त घ्यायचे नाहीत. झाकिरसाहेब स्वतः त्याहून कमीच घेत. वेतन आयोगाची थकबाकी मोजणाऱ्या आम्हा प्राध्यापकांना हे वाचताना जरा अवघडल्यासारखे होते. १९३५ मध्ये ओखल्याला नव्या इमारतीची कोनशिला बसवायची वेळ आली. कुणा बड्या पाहुण्याला न बोलावता, शाळेतल्या सर्वांत लहान मुलाच्या हातून ती बसवण्यात आली.

आपल्या वर्ध्याशी त्यांचा संबंध आला तो ऑक्टोबर १९३७ मध्ये. गांधीजींनी तिथे शिक्षण परिषद बोलावली होती. हस्तोद्योगातून शिक्षण द्यावे आणि मुलांच्या कामाच्या उत्पन्नातून शिक्षकांचा पगार निघावा, अशी गांधीजींची कल्पना होती. पहिली गोष्ट झाकिरसाहेबांना पूर्ण पटली. दुसरीबद्दल मात्र त्यांनी भर परिषदेत इशारा दिला, की कमाईवर फार जोर दिला तर शिक्षक मुलांना राबवून घेणारे मुकादम होतील. गांधीजींचा मोठेपणा असा, की आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांनी याच माणसाला दिले.

योजना निघाली, पण सूत कातता कातता गणित शिकवणारा शिक्षक आणायचा कुठून? म्हणून १९३८ मध्ये जामियात शिक्षकांसाठीच शाळा निघाली. तिचे नाव ‘उस्तादों का मदरसा’. मुस्लिम लीगने वर्धा योजनेवर कडाडून टीका केली, तरी हिंदुस्तानी तालीमी संघाचे अध्यक्षपद त्यांनी सोडले नाही. एवढे असूनही १९४६ च्या रौप्यमहोत्सवात त्यांनी नेहरू आणि जिना यांना एकाच मंचावर बसवले.

ऑगस्ट १९४७ मध्ये काश्मीरला निघाले असता जालंधर स्टेशनवर जमावाने त्यांना घेरले. एका शीख लष्करी अधिकाऱ्याने आणि एका हिंदू रेल्वे अधिकाऱ्याने त्यांचा जीव वाचवला.

पुढे अलीगढचे कुलगुरुपद, बिहारचे राज्यपालपद, उपराष्ट्रपतिपद, ‘भारतरत्न’. हे सर्वांना ठाऊक आहे. ३ मे १९६९ रोजी, राष्ट्रपतिपदावर असतानाच त्यांचे निधन झाले. दफन जामियाच्या आवारातच झाले.